‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नक्की काय बिघडलं? डहाणू-तलासरीतल्या रांगांमागचं खरं दुखणं

डहाणू / तलासरी : ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर सरकारी कचेरीत आता जुनं झालं. त्याची जागा ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांनी घेतली आहे. तलाठी सजा असो, सेतू केंद्र असो, रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन असो की खरिपात शेतात उभं राहून करायची ई-पीक पाहणी असो, उत्तर ठरलेलं. माणूस ऐकतो, मान हलवतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो.

ही चकर फुकट नसते. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं सरकारी शुल्क १५ रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये. उधवा, सायवन किंवा गंजाड भागातल्या माणसाला एका उताऱ्यासाठी चार दिवस खाडा करावा लागला तर १,२४८ रुपयांची मजुरी गेली. वर गाडीभाडं वेगळं. म्हणजे १५ रुपयांचा कागद बाराशेच्या वर पडला. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला ‘उद्या या’ हे उत्तर दंडासारखंच आहे.

म्हणून सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय, हे गावानेही समजून घ्यायला हवं. दुखणं कळलं नाही तर औषध कोणतं मागायचं तेही कळत नाही. पुष्कळ वेळा सर्व्हर बंद पडलेलाच नसतो. तो चालू असतो, पण त्याच्या पोटात एकदम एवढी माहिती ओतलेली असते की हवी ती नोंद त्याला वेळेत सापडत नाही.

ढीग एका जागी आला

महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याचं काम जुनं आहे. सुरुवातीला तालुक्या-तालुक्याची माहिती त्या-त्या तालुक्याच्या संगणकात असायची. डहाणूचं दप्तर डहाणूत आणि तलासरीचं तलासरीत. केंद्र सरकारने २००८ मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढे राज्यात ई-फेरफार प्रणाली आली. पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती तयार केली आणि तालुक्यांची माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर गेली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, चुका शोधल्या गेल्या. १ मे २०१८ ला, महाराष्ट्र दिनी, डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

काम मोठं होतं आणि ते झालं, हे मान्य करायलाच हवं. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसावं लागायचं, आता मोबाईलवर उतारा निघतो. पण त्यावर नवे ढीग चढत गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली, म्हणजे दर हंगामात प्रत्येक गटाची पिकाची नोंद आणि फोटो. डिसेंबर २०२४ पासून ॲग्रिस्टॅकखाली शेतकरी ओळख क्रमांक देण्याची मोहीम सुरू झाली, म्हणजे प्रत्येक खातेदाराचा आधार त्याच्या जमिनीला जोडायचा. १ एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा मोहीम राज्यभर निघाली, म्हणजे मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. प्रत्येक मोहीम आपापल्या जागी योग्यच. पण प्रत्येक मोहिमेत लाखो नोंदी थोड्या दिवसांत आत शिरतात. धान्य आत येतं तेव्हा कणगीत जागा आहे का एवढं बघून भागत नाही, ते नंतर बाहेर कसं काढायचं याचीही सोय लावावी लागते. गाडी अडते ती तिथेच.

आठ-अ नसता तर?

ही सोय काय असते ते समजायला संगणक शिकायची गरज नाही. तलाठ्याचं दप्तर आठवलं तरी पुरे.

सातबारा असतो जमिनीच्या नंबरानुसार. गट नंबर सांगा, उतारा निघतो. पण एखाद्या माणसाची गावात कुठे कुठे जमीन आहे हे बघायचं असेल तर? गावाचे पाचशे सातबारे एकेक करून उलटावे लागतील. तसं होऊ नये म्हणून गाव नमुना आठ-अ असतो. तो लावलेला असतो खातेदारानुसार. नाव काढलं की त्याच्या सगळ्या गटांचे नंबर एका पानावर. जमीन तीच आणि नोंदी त्याच, फक्त शोधायची वाट वेगळी.

संगणकाच्या भाषेत या आठ-अ ला इंडेक्स म्हणतात. तो नसेल तर एक नाव शोधायला यंत्राला पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळा ढीग उलटावा लागतो. ढीग दहा हजारांचा असेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच ढीग काही कोटींचा झाला की स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं. बाहेर रांगेतला माणूस म्हणतो सर्व्हर बंद आहे. तो बंद नसतो, पानं उलटत असतो.

मग भरपूर इंडेक्स लावून ठेवले तर? तेही चालत नाही. फेरफार मंजूर झाला की सातबाराही बदलावा लागतो आणि आठ-अ सुद्धा. जेवढ्या वह्या तेवढं लिहिण्याचं काम वाढतं. म्हणून मोठी माहिती भरताना जाणकार लोक आधी इंडेक्स बाजूला काढतात, माहिती एका दमात भरतात आणि भरून झाल्यावर इंडेक्स नव्याने बांधतात. घोलवड-बोर्डीच्या चिकू बागांत हेच चालतं. फळ तोडताना प्रत्येक चिकूला माप लावत कुणी बसत नाही. तोडून क्रेट भरतात आणि लहान-मोठा माल नंतर एका जागी निवडतात. फक्त निवडायचं काम राहून गेलं तर व्यापारी दारात उभा राहतो आणि माल कुठला कुठे ते सापडत नाही.

अंदाज पाचशेचा, पंगत पाच हजारांची

दुसरं दुखणं अंदाजाचं. डेटाबेस प्रत्येक वेळी आधी हिशेब करतो की मागितलेली माहिती कोणत्या वाटेने लवकर मिळेल. कुठल्या कप्प्यात किती नोंदी आहेत याची मोजणी त्याच्याकडे लिहून ठेवलेली असते आणि हिशेब त्या मोजणीवर चालतो. लग्नात आचाऱ्याला पानांचा अंदाज देतात तसंच हे. अंदाज पाचशेचा दिला आणि जेवायला पाच हजार आले तर आचारी कितीही हुशार असला तरी पंगत अडणारच.

मोठी माहिती आत आली आणि मोजणी जुनीच राहिली की डेटाबेस फसतो. त्याला वाटतं कप्पा लहान आहे, वरपासून खालपर्यंत बघून घेऊ. दहा घरांच्या पाड्यावर दारोदार हाक मारत फिरलं तरी चालतं. दहा हजार वस्तीच्या गावात तसं फिरायला गेलं तर दिवस मावळतो. यावर औषध सोपं आणि बिनखर्चाचं आहे. माहिती भरून झाल्या-झाल्या नव्याने मोजणी करायची. एका आज्ञेचं काम. बहुतेक डेटाबेस ही मोजणी अधूनमधून आपोआप करतात, पण एका रात्रीत लाखो नोंदी ओतल्या आणि सकाळी दहाला खिडकी उघडली तर आपोआप होणाऱ्या कामाची वाट बघण्यात अर्थ नसतो.

कंसातली नावं

तिसरं दुखणं सातबारा वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर एखाद्याचं नाव कमी झालं तरी ते पुसत नसत, त्याला कंस करत. वर्षानुवर्षं फेरफार होत राहिले की उतारा कंसांनी भरून जायचा आणि चालू नाव कोणतं ते शोधायला नजर ताणावी लागायची. म्हणूनच पूर्वी साधारण दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहून काढायची पद्धत होती. चालू नोंदी नव्या पानावर आणि जुनं पान अभिलेख कक्षात.

अनेक डेटाबेसही आतून असंच वागतात. नोंद बदलली की जुनी प्रत लगेच जात नाही, निकामी होऊन तिथेच पडून राहते. लाखो वारस नोंदी झाल्या, लाखो खात्यांना आधार जोडला, की लाखो निकामी प्रती मागे राहतात. शोधताना यंत्र त्यांच्यावरूनही जातं. ही झाडलोट वेळच्या वेळी झाली नाही तर दर महिन्याला यंत्र थोडं थोडं मंद होत जातं आणि नेमकं काय बिघडलं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मात्र झाडलोट म्हणजे जुन्या नोंदी फेकून देणं नव्हे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जायला मनाई करतं. जमीन मुळात कुणाची होती हे सिद्ध करायला पन्नास वर्षांपूर्वीचा फेरफारच कामी येतो. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग अशा प्रकल्पांसाठी या पट्ट्यात भूसंपादन झालं, वाढवण बंदरामुळे नवे रस्ते येत आहेत. मोबदला कुणाच्या हाती पडणार हे नोंदीवर ठरतं. त्यामुळे जुन्या नोंदी वेगळ्या कप्प्यात पण शाबूत आणि शोधता येतील अशाच राहिल्या पाहिजेत. रोजच्या कामाच्या वाटेत त्या नकोत, एवढंच.

एक ट्रक बंद पडला की

चौथं दुखणं गर्दीचं. अच्छाड नाक्याजवळ महामार्गावर एक ट्रक आडवा झाला की मागे किती लांब रांग लागते हे तलासरीकरांना सांगायला नको. रस्ता तोच असतो, लेनही तेवढ्याच असतात, पण एक अडला की सगळे अडतात. डेटाबेसमध्येही एखादं मोठं काम चालू असताना ते ज्या नोंदी धरून बसतं, त्यांच्या मागे बाकीची कामं ताटकळतात. दुपारी बारा वाजता कुणी जिल्ह्याचा मोठा अहवाल काढायला घेतला तर त्याचा भार खिडकीवर उभ्या माणसाच्या उताऱ्यावर पडतो.

त्यातच सरकारी मुदतीची सवय. सगळ्या राज्याला एकच शेवटची तारीख दिली जाते. पाऊस, लावणी, नेटवर्क या भानगडीत माणूस शेवटच्या आठवड्यात पोचतो आणि सगळे एकाच वेळी पोचतात. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा नारीशक्ती दूत ॲपवर हेच घडलं. दिवसा ॲप उघडेना, म्हणून कित्येक अंगणवाडी ताई रात्री जागून अर्ज भरत होत्या. रात्री तेच ॲप, तोच सर्व्हर आणि तेच गाव असूनही अर्ज जात होता. म्हणजे यंत्र मोडलेलं नव्हतं, दिवसाचा भार त्याला पेलत नव्हता.

गर्दी विभागता येते, हे रेल्वेने दाखवून दिलंय. तत्काळ तिकिटांची खिडकी पूर्वी सगळ्यांसाठी एकाच वेळी उघडायची आणि संकेतस्थळ गुदमरायचं. जून २०१५ पासून वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० आणि बाकीच्यांसाठी ११ अशी वेळ वाटून दिली. एका तासाच्या फरकाने भार दोन ठिकाणी विभागला गेला. ई-पीक पाहणीसाठी किंवा एखाद्या केवायसीसाठी विभागवार वेगळे आठवडे ठरवून द्यायला नवीन सर्व्हर घ्यावा लागत नाही. एक परिपत्रक पुरे होतं.

बाहेरच्या जगातही हेच

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहकांची माहिती शनिवार-रविवारच्या सुट्टीत जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली. माहिती नीट हलली, एक नोंदही हरवल्याची तक्रार मुख्य नव्हती. पण नवी यंत्रणा भाराखाली वाकली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःचं खातं उघडता येईना. सगळं सुरळीत व्हायला महिने गेले. तिथल्या नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ठपका होता तो हे काम आणि त्यातली जोखीम नीट न सांभाळल्याचा.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. पहिल्या दिवशी सबंध देशातून फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. पुढचे दोन महिने तिथे जे झालं ते आपल्या उपयोगाचं आहे. कोणतं पान किती सेकंदात उघडतं हे रोज मोजलं गेलं, अडणाऱ्या जागांची यादी झाली आणि एकेक जागा मोकळी केली गेली. सरासरी आठ सेकंदांचा वेळ एका सेकंदाच्या आत आला. तिथे आधी मोजमाप झालं आणि मग खर्च झाला. आपल्याकडे बहुतेक वेळा ‘क्षमता वाढवली’ एवढीच बातमी येते. क्षमता वाढवणं म्हणजे मोठं गोदाम बांधणं. आत पोत्यांना चिठ्ठ्याच नसतील तर मोठ्या गोदामात शोधायला आणखी वेळ लागतो.

वेग आला, पण नाव सापडेल का?

समजा हे सगळं झालं. इंडेक्स बांधले, मोजणी झाली, झाडलोट झाली, पान एका सेकंदात उघडू लागलं. तरीही डहाणू-तलासरीतल्या अनेकांचा प्रश्न सुटणार नाही, कारण त्यांची नोंदच चुकीची आहे किंवा मुळात नाही.

या भागात एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने असतं. सातबाऱ्यावर आजोबाने सांगितलेलं बोलीतलं नाव, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी नीट करून लिहिलेलं आणि आधारवर ऑपरेटरने इंग्रजी अक्षरांवरून बसवलेलं. आडनाव कुठे वरठा तर कुठे वरठे. कुठे बापाचं नाव आहे पण आडनावच नाही. माणसाला कळतं की हे एकच. यंत्राला ती तीन वेगळी माणसं वाटतात. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळवलं जातं, गाडी तिथे अडते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक झाला आहे. म्हणजे एका काना-मात्रेचा फरक थेट अनुदानावर येऊन बसतो.

दुसरा प्रश्न वनपट्ट्यांचा. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्याखाली चार हेक्टरपर्यंतचा हक्क मिळतो, तोही नवरा-बायको दोघांच्या नावे. या दोन्ही तालुक्यांत असे पट्टे असलेली घरं जागोजागी आहेत. ही जमीन वंशपरंपरेने पुढे जाते पण विकता येत नाही, आणि साध्या खातेदाराच्या रकान्यात ती सरळ बसत नाही. ज्या यंत्रणेचा सगळा हिशेब सातबाऱ्याच्या खातेदारावर उभा आहे, तिच्यासमोर असा शेतकरी आडवाटेने येतो. भात तो पिकवतो आणि नाचणीही तोच पिकवतो, पण यादीत त्याला शोधावं लागतं. इथे सर्व्हर कितीही पळाला तरी ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर फक्त लवकर मिळेल.

म्हणून मोठी माहिती आत घेण्याआधी ती पाखडून घेणं महत्त्वाचं. घाणीसकट कणगी भरली तर पुढे रोजच्या तांदळात खडे निघतात. चावडी वाचन हे पाखडणंच होतं. गावात सगळ्यांसमोर नावं वाचली की ‘हा तर वारला’, ‘याचा भाऊ राहिला’, ‘हे आडनाव चुकलं’ असं लोकच सांगतात. संगणकाला जे महिनोन्महिने सापडत नाही ते पाड्यावर अर्ध्या दिवसात सापडतं.

मागणी काय असावी?

ग्रामसभेत किंवा तहसीलच्या बैठकीत ‘सर्व्हर सुधारा’ एवढंच म्हटलं तर उत्तरही मोघम मिळतं. नेमकं मागितलं तर नेमकं उत्तर द्यावं लागतं.

पहिली मागणी, कोणतीही मोठी माहिती भरायची असेल तर ती रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी भरावी, आणि इंडेक्स, मोजणी, चाचणी झाल्याशिवाय सकाळी खिडकी उघडू नये. दुसरी, उतारा बघणारे आणि फेरफार लिहिणारे यांची वाट वेगळी ठेवावी. बघणारे हजारो असतात आणि लिहिणारे थोडे. बघणाऱ्यांसाठी वेगळी प्रत असली की लिहिणाऱ्यांचं काम अडत नाही. तिसरी, मोठे अहवाल कचेरीच्या वेळेत काढू नयेत. चौथी, मुदत विभागवार द्यावी, आणि सेवा जेवढे तास बंद होती तेवढे दिवस मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी मोर्चा काढायची वेळ येऊ नये. पाचवी, शेतातल्या ॲपमध्ये माहिती फोनमध्येच साठावी आणि नेटवर्कमध्ये आल्यावर पुढे जावी. डोंगरपाड्यावर उभं राहून सर्व्हरची वाट बघायला लावू नये. सहावी, सेवा बंद पडली तर नुसतं ‘तांत्रिक कारण’ न लिहिता नेट गेलं, भार वाढला की दुरुस्ती चालू आहे, आणि कधी चालू होणार, हे पोर्टलवर लिहावं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि शिस्त जास्त लागते. गावपातळीवरचा तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, यातलं काहीच करू शकत नाहीत हेही खरं. लोकांचा राग मात्र त्यांनाच झेलावा लागतो. खिडकीवरच्या माणसाशी भांडून वरचा सर्व्हर वेगाने चालत नाही. तक्रार लेखी वर गेली तर चालण्याची शक्यता असते.

गावकऱ्यांनी काय करावं?

सर्व्हर डाऊन आहे म्हणून अर्ज घेणार नाही, असं होऊ देऊ नये. अर्ज कागदावर द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क आहे. मुदत टळली तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग अशी वाट आहे आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण पोच नसेल तर अर्ज केला होता हेच सिद्ध होत नाही.

उतारा मोबाईलवर काढायचा असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बघावा. ई-पीक पाहणी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. अडलं तर चुकीच्या संदेशाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तो पुरावा होतो. सातबारा गरज पडेल तेव्हाच नाही तर वर्षातून एकदा काढून नाव, क्षेत्र, वारस, इतर हक्काचा रकाना तपासावा. लिहिताना झालेली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात, ते मोजावेत. वारस नोंद राहिली असेल तर घरातल्या सगळ्यांची आधारवरची नावं आधी एकदा समोर मांडून बघावी. यंत्राने नाकारण्याआधी फरक आपल्यालाच दिसतो.

पुढच्या खरिपात पुन्हा नोंदींचा ढीग आत जाईल, नवी एखादी मोहीमही येईल. ढीग येणार हे तारखेसकट आधीच माहीत असतं. पाऊस येणार हे माहीत असताना शेतकरी मृगाच्या आधी बांध घालतो, कौलं शाकारतो. सरकारी यंत्रणेने मोहिमेच्या आधी तेवढीच तयारी केली तर रांगेतल्या माणसाचा ३१२ रुपयांचा दिवस वाचेल.